पन्नास रुपयांचा दंड आणि उपाशी न्यूट

स्पष्टच लिहिते. ज्या दुकानात न्यूटच्या पिल्लाला घालायचं जिवंत खाणं मिळत नाही, त्या दुकानाला न्यूटचं पिल्लू विकायची परवानगी नसावी. माझं म्हणणं एवढंच आहे. पण एवढं म्हटलं तरी लोक अंगावर येतात, म्हणून सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पावसाळा संपल्यापासून इनबॉक्समध्ये एकाच चालीचे मेसेज येतायत. "ताई, नवीन न्यूट आणलंय, चार दिवस झाले काहीच खात नाही." "मॅडम, दुकानदाराने दिलेले दाणे टाकले, ते बघतसुद्धा नाही." "मुलगी रडतेय, काय करू?" मी सहा वर्षं हे प्राणी पाळते, त्यांची पिल्लं वाढवते, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून विचारतात. विचारावंच. पण मला प्रश्न असा पडतो, की ज्याने पैसे घेतले त्याला हे का विचारलं जात नाही? आणि विचारलं तर त्याला उत्तर का देता येत नाही?

ज्यांना न्यूट म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेडकाचा हा लांबचा नातेवाईक. दिसायला पालीसारखा, पण पाल नव्हे. अंगावर खवले नाहीत, कातडी ओलसर. बेडकासारखाच उभयचर. आपल्याकडच्या मत्स्यालयांच्या दुकानांत विकला जातो तो बहुतेक चीनमधला 'फायर बेली न्यूट'. पाठ काळी, पोट लालभडक. हा लाल रंग शोभेसाठी नाही. "मला खाऊ नका, मी विषारी आहे," अशी ती पाटी आहे. कातडीत खरोखर विष असतं. हाताळल्यावर हात साबणाने धुवावे लागतात, आणि लहान मुलांच्या हातात हा प्राणी द्यायचाच नसतो. हे किती दुकानांत सांगितलं जातं? माझ्यासमोर तरी एकदाही नाही.

आता मुद्द्याचं. न्यूटचं आयुष्य दोन भागांत असतं. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पाण्यात राहतं, मानेजवळ पिसांसारखे कल्ले असतात, पाणपिसवा आणि बारीक किडे खातं. काही महिन्यांनी कल्ले आटतात, शेपटीची पातळ झालर जाते, फुप्फुसं काम करू लागतात आणि ते जमिनीवर येतं. याला रूपांतरण म्हणतात. हे वाचायला सोपं वाटतं. त्या जिवाच्या बाजूने बघा. कालपर्यंत तोंड उघडलं की पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जायचं. आज ती पद्धत बंद. आता डोळ्यांनी हालचाल टिपायची, जवळ जायचं, जीभ मारून उचलायचं. खाण्याचं यंत्रच बदललं. म्हणून रूपांतरणाच्या आसपास पिल्लू काही दिवस खात नाही. हे आजारपण नाही, हा निसर्गक्रम आहे.

खरा घात पुढे होतो. अंग नवं झालं, भूक परत आली, आणि समोर काय? तर वाळलेले दाणे. जे हलत नाही ते या पिल्लाच्या लेखी अन्नच नसतं. तुम्ही जगातले सर्वात महागडे दाणे टाका, त्याच्यासाठी ते खडे आहेत. त्याला लागतात हलणारे, त्याच्या डोक्यापेक्षा बारीक जीव. उडता न येणाऱ्या छोट्या फळमाश्या, स्प्रिंगटेल, नुकते जन्मलेले बारीक नाकतोडे, मावा, गांडुळाचे वळवळणारे बारीक तुकडे. स्प्रिंगटेल काही परदेशातून मागवायला लागत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या खताच्या पेटीचं झाकण उघडा, ओल्या पानांखाली पांढरे, टुणकन उडणारे कण दिसतील. तेच. पेटीत औषध मारलेलं नसलं की झालं.

दुसरा घात पाण्याचा. मोठा फायर बेली न्यूट पाण्यात रमतो, म्हणून लोक समजतात की पिल्लूही पाण्यातच ठेवायचं. रूपांतरण झालेलं पिल्लू जमिनीवर राहतं, आणि तेही एक-दोन आठवडे नाही. कित्येकदा वर्ष-दोन वर्षं पाण्यात परत जायचं नाव काढत नाही. खोल पाण्यात, चढायला जागा नसेल तर, ते बुडून मरतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, याचं पाण्यातून काठावर आणि काठावरून पुन्हा पाण्यात होतं.

तिसरा घात उन्हाचा. या प्राण्याला साधारण १८ ते २० अंश मानवतात. २५ च्या वर तो ताणाखाली जातो, खाणं सोडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा किती चढतो ते मी सांगायला नको. म्हणजे ज्या घरात उन्हाळाभर त्या खोलीचा एसी चालवायची तयारी नाही, त्या घरासाठी हा प्राणीच नाही. प्राण्याची किंमत एका हॉटेलच्या बिलाएवढी आणि त्याला थंड ठेवायचं वीजबिल त्याच्या कितीतरी पट. हा हिशेब गल्ल्यावर कोणी मांडून दाखवतं का?

एक दुकान बघितलं. नाव लिहीत नाही, कारण नावाने प्रश्न सुटत नाही, उद्या दुसरं उघडेल. काचेची टाकी काठोकाठ भरलेली. आत दहा-बारा पिल्लं, पेरभर लांबीची, नुकती रूपांतरण झालेली. दोन पाण्याच्या नळीला चिकटून नाक वर काढून बसलेली, बाकीची तळाशी. वरून माशांचे दाणे तरंगताहेत. मी म्हटलं, "दादा, यांना चढायला काहीतरी ठेवा, बुडतील." उत्तर मिळालं, "मॅडम, पाण्यातलंच जनावर आहे ते." मी विचारलं, "यांना जिवंत खाणं काय आहे तुमच्याकडे?" उत्तर, "हेच खातात सगळे." टाकीवर पाटी होती, 'नो मेंटेनन्स पेट'. चार दिवसांनी गेले तेव्हा टाकीत पाच होती. बाकीची विकली गेली की मेली, मला माहीत नाही. पिल्लांच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नसावा.

त्या मुलाला मी दोष देत नाही. महिन्याच्या पगारावर काम करणारा पोरगा. त्याला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायची कोणावर सक्ती नाही. माझं भांडण त्या सक्ती नसण्याशी आहे.

म्हणून आता कायद्याकडे वळू.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. म्हणजे न्यूटही आला. मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. उत्तम. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. एका वडापावपासून सुरुवात होत नाही आणि दोन-तीन वडापावांवर संपतो. पिढ्या गेल्या, रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, दंड तिथेच.

२०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, पिंजऱ्याचं माप, नोंदवही, सगळं आहे. पण त्यात नाव घेऊन सांगितलेत ते कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीरवर्गी प्राणी आणि पिंजऱ्यातले पक्षी. उभयचरांचं नाव नाही. त्याआधी २०१७ मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी वेगळे नियम आले होते, ते मागे घेतले गेले. म्हणजे न्यूट ज्या दुकानात विकला जातो ते दुकान एका नियमाच्या अलीकडे आणि दुसऱ्याच्या पलीकडे.

आता वन्यजीव कायदा. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, परदेशी प्राण्यांसाठी परिशिष्ट ४ जोडलं गेलं, आणि २०२४ मध्ये अशा प्राण्यांची नोंदणी करायचे नियम लागू झाले. 'परिवेश' पोर्टलवर मालकाने नोंद करायची, जन्म-मृत्यू-हस्तांतरण कळवायचं. चांगली सुरुवात आहे, मी तेव्हाही स्वागत केलं होतं. पण हे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'सायटीस' कराराच्या यादीवर बेतलेलं आहे. त्यात मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलोटल आहे. तो आयुष्यभर कल्ल्यांसह पाण्यातच राहतो, सहसा रूपांतरण करतच नाही. आणि जो रूपांतरण करतो, त्या काळात खात नाही, म्हणून सर्वात जास्त हाल ज्याचे होतात तो फायर बेली न्यूट त्या यादीत नाही. कारण यादी दुर्मीळता बघून होते, हाल बघून नाही. तिथे चूक कोणाची नाही. पण आपण समजतो की "नोंदणीचा कायदा आलाय, झालं की आता." नाही झालं. ज्याला कागद आहे त्याला रांग, ज्याला कागद नाही त्याला मोकळं रान.

इथे कोणीतरी म्हणेल, अहो, एक न्यूट मेला तर एवढं काय? तर आता जो भाग लिहितेय तो न्यूटपुरता नाही, तुमच्या-माझ्या सह्याद्रीचा आहे.

उभयचरांच्या कातडीवर जगणारी एक बुरशी आहे, कायट्रिड. तिने जगभरात बेडकांचा अक्षरशः संहार केलाय. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार ५०१ जातींची संख्या तिच्यामुळे घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. तिचीच बहीण, सॅलमँडर आणि न्यूट खाणारी बुरशी, २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखली गेली. तिथले फायर सॅलमँडर तोवर जवळजवळ संपले होते. ती मूळची पूर्व आशियातली, तिथले न्यूट तिच्यासोबत जगायला शिकलेले. युरोपात ती बहुधा पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पोचली, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्यानंतर स्वित्झर्लंडने आयात थांबवली, अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलमँडरच्या २०१ जातींवर बंधनं आणली, कॅनडाने पुढच्या वर्षी. त्यांना काय न्यूटचा एवढा पुळका होता का? नाही. आपल्या जंगलाचं काय होईल हा हिशेब होता.

आपला हिशेब काय? महाराष्ट्रात निसर्गतः न्यूट नाही. पण पूर्व हिमालयात आहे, दार्जिलिंगच्या डोंगरात, जोरपोखरीला त्याच्यासाठी छोटं अभयारण्यही आहे. आणि सह्याद्रीत बेडकांच्या अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अंबोलीचा टोड घ्या, एका घाटमाथ्यापुरता जीव. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर कायट्रिड बुरशी असल्याचा शोधनिबंध २०१३ मध्येच आलाय, तीही आशियाई प्रकारची. म्हणजे घरात एक पाहुणा आधीच आहे. बाहेरून दुसरा, वेगळ्या वाणाचा पाहुणा आणून बसवायचा का, हा प्रश्न आहे. आणि तो पाहुणा आणायला विमान लागत नाही. न्यूटच्या टाकीतलं पाणी गटारात ओतलं, ओढ्यात ओतलं, पुरे.

त्यात आपल्या लोकांची भूतदया. खात नाही, मरेल बिचारं, म्हणून "निसर्गात सोडून दिलं." किती अभिमानाने सांगतात! कोणाच्या निसर्गात? चीनमधला प्राणी पाषाणच्या तळ्यात सोडणं हे जीवदान नाही, कचरा टाकणं आहे. शहरातल्या तळ्यांत लाल कानाची परदेशी कासवं कुठून आली? अशाच पुण्यवान लोकांनी सोडलेली. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात अडकणारा तो काटेरी सकर मासा कुठून आला. तोही मुळात काच साफ करायला मत्स्यालयात आणलेला. जाळी फाटतात गरिबाची, हौस झाली दुसऱ्याची. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली युरोपातले अल्पाइन न्यूट मोकळ्यावर सापडले, तर त्या सरकारने ते शोधून काढायची मोहीम उघडली. आपल्याकडे सापडले तर आधी रील निघेल.

आता नेहमीचे आक्षेप.

"ताई, शेतकरी मरतायत आणि तुम्हाला न्यूट सुचतंय." मला दोन्ही सुचतं. दुकानाच्या नोंदणीत चार ओळी वाढवल्याने शेतकऱ्याच्या ताटातलं काही कमी होत नाही. उलट बेडूक शेतातले किडे खातात हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"तुम्ही स्वतः पाळता, आणि दुसऱ्यांना नको म्हणता." मी पाळू नका म्हणत नाहीये. माझ्याकडे फळमाश्यांच्या बाटल्या आधी आल्या, न्यूट नंतर. कोणीही पाळावं, हाच क्रम ठेवून. ज्याला घरात माश्यांची बाटली चालणार नाही त्याने मासे पाळावेत, छान असतात.

"छोट्या दुकानदाराच्या पोटावर पाय देताय." उलटं आहे. जिवंत खाणं हा रोजचा धंदा आहे. प्राणी एकदा विकला जातो, खाणं दर आठवड्याला. जो दुकानदार फळमाश्या नि स्प्रिंगटेल ठेवेल त्याचं गिऱ्हाईक टिकेल. आज काय होतं? पिल्लू मरतं, गिऱ्हाईक चिडतं, परत त्या दुकानाची पायरी चढत नाही.

"पूर्ण बंदीच घाला." नको. बंदीने काय होतं ते आपण थायी मांगूरच्या बाबतीत बघितलंय. बंदी २००० सालापासून, आणि तळी उद्ध्वस्त करायच्या कारवाया अजून चालू. बंदी आली की व्यापार टेलिग्रामच्या ग्रुपवर जातो आणि पिल्लं कुरियरच्या डब्यात. उघड्या दुकानावर नजर ठेवता येते, बंद डब्यावर नाही.

मग हवंय काय? पाच गोष्टी. एकही आकाशातली नाही.

१. २०१८ च्या दुकान-नियमांत उभयचरांचं नाव स्पष्ट घाला. केंद्राला वेळ लागणार असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाने निदान परिपत्रक काढावं.

२. नुकतं रूपांतरण झालेलं पिल्लू विकायला मनाई. दुकानात ते नियमित खातंय हे गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर दाखवायचं, मगच पैसे घ्यायचे.

३. टाकीवर मराठीत पाटी. किती तापमान लागतं, काय खातं, किती वर्षं जगतं, कातडी विषारी आहे. 'नो मेंटेनन्स' हा शब्द कोणत्याही जिवंत प्राण्याच्या टाकीवर नको.

४. नको झालेला प्राणी विकणाऱ्याने परत घ्यायचा. पैसे परत नकोत, पण नकार नको. म्हणजे तळ्यात सोडायची वेळ येणार नाही.

५. बाहेरून येणाऱ्या न्यूट-सॅलमँडरची बुरशीसाठी तपासणी, आणि तोवर विक्री नाही. कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, प्राण्याला इजा होत नाही.

आणि पन्नास रुपयांच्या दंडाचं काय ते दिल्लीत ठरेल, पण तुमच्या-माझ्या खासदाराला पत्र पाठवायला पन्नास रुपयेसुद्धा लागत नाहीत.

ज्यांच्या घरी आत्ता, या क्षणी, न खाणारं पिल्लू आहे त्यांनी एवढं करा. खोल पाण्यातून काढा. हवेशीर, पण घट्ट झाकणाचा छोटा डबा, तळाला ओला टिश्यू, लपायला सालीचा तुकडा, एका कोपऱ्यात नखभर खोलीचं पाणी. क्लोरीनचं पाणी थेट वापरू नका. डबा घरातल्या सर्वात थंड जागी. संध्याकाळी दिवा मंद करून थोडे स्प्रिंगटेल सोडा आणि लांब जा, वर डोकावत बसू नका. घेत नसेल तर उथळ पाण्यात किंवा ओल्या टिश्यूवर बारीक जिवंत अळी ठेवून बघा, काही पिल्लं तिथेच पहिला घास घेतात. तोंड उघडून कोंबू नका. दोन-चार दिवस नाही खाल्लं तर घाबरू नका. पोट खपाटीला गेलं, कमरेची हाडं दिसू लागली, तर परदेशी प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा. टाकीतलं पाणी ओढ्यात नाही, ब्लीच टाकून थोडा वेळ ठेवून मग संडासात.

हे सगळं खरं तर विकणाऱ्याने सांगायचं असतं, बिल फाडायच्या आधी.

येत्या रविवारी वेळ असेल तर आपापल्या भागातल्या दुकानात जा. भांडू नका, व्हिडिओ काढू नका, त्या पोराला लाजवू नका. फक्त एक प्रश्न विचारा, "याचं जिवंत खाणं द्या, मग प्राणी घेतो." मिळालं नाही तर तसेच परत या. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला ते मिळेल, हा बाजाराचा नियम आहे. सरकारी नियम येईल तेव्हा येईल.

कोणत्या भागात काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव नको, भाग आणि उत्तर पुरे. ती यादी जोडून मी राज्य प्राणी कल्याण मंडळाला अर्ज देणार आहे. सही करायला कोण कोण येतंय तेही लिहा.